काळी काच की साधं स्टील?

प्रश्न: ताई, नवीन फ्लॅटमध्ये काळ्या ग्रॅनाइटचा ओटा केलाय, त्यावर मुलीला काळ्या काचेची तीन बर्नरची शेगडी हवीय, फोटोत खूप भारी दिसते. सासूबाई म्हणतात साधी स्टीलची घ्या. बजेट जास्तीत जास्त साडेचार हजार. रोज ज्वारीची भाकरी होते. काय घेऊ? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: रोज भाकरी होते हे वाचलं आणि माझं अर्धं उत्तर तिथंच ठरलं. भाकरी तव्यावरून काढून आपण थेट आचेवर फुगवतो, तेव्हा पीठ बर्नरच्या भोकांत पडतं, भोकं तुंबली की आच पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी पडतात आणि गॅसही जास्त जातो. म्हणून तुम्ही आधी बर्नर बघा, रंग नंतर. दुकानात बर्नर उचलून हातात घ्या, चांगला जड पितळी पाहिजे, सहज निघून धुता आला पाहिजे आणि परत ठेवल्यावर डुगडुगता कामा नये. काळ्या काचेवर तर पिठाचा कण न् कण दिसतो, दिवसातून चार वेळा पुसत बसाल.

काच टफन्ड, म्हणजे तापवून मुद्दाम कणखर केलेली असते, पण म्हणजे फुटतच नाही असं नाही हं. तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं, गरम कढई तिच्यावर टेकवली, कडेला ठोका बसला किंवा फार मोठं पातेलं ठेवल्याने आच खाली दबून काच तापत राहिली, तर ती फुटू शकते आणि फुटली की सगळीकडे बारीक तुकडे होतात. चांगली जाड काच, उंच स्टँड आणि पितळी बर्नर असं सगळं साडेचार हजारात, तेही तीन बर्नरला बसवायचं म्हणजे कंपनी कुठंतरी हात आखडणारच, आणि तो बहुतेक बर्नर नाहीतर स्टँडमध्ये.

तिसऱ्या बर्नरचं पण सांगते. घरचा कुकर आणि तवा मोजून जा. कुकर २४ सेंटिमीटरचा आणि तवा २८ चा असेल तर त्या दोन बर्नरच्या मध्यांमध्ये कमीत कमी २६ सेंटिमीटर अंतर लागतं, नाहीतर भांडी एकमेकांना भिडतात आणि तिसरा बर्नर नुसता शोभेला उरतो.

मी तुमच्या जागी असते तर दोन बर्नरची, जाड पत्र्याची स्टीलची शेगडी घेतली असती, सासूबाईंचं बरोबर आहे. मुलीला सांगा, काळ्या ग्रॅनाइटवर स्टील उलट खुलून दिसतं! आयएसआय मार्क आणि आयएस ४२४६ हा गॅस शेगडीच्या भारतीय मानकाचा नंबर मात्र बघाच, त्यात किमान ६८ टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे गॅसची तेवढी उष्णता भांड्याला मिळण्याची अट आहे. नॉब फिरवून बघा, सिमवर हळूच यायला हवा, एकदम झटका नको, पुरण आटवताना हे फार जाणवतं.

उरलेल्या पैशातून नवीन सुरक्षा होज घ्या, जुनी नळी नव्या शेगडीला लावू नका, ती पाच वर्षांनी बदलायचीच असते. आणि सोसायटीत पुढे पाइपचा गॅस येणार असेल तर बिल करायच्या आधीच दुकानदाराला विचारा की या मॉडेलचे पीएनजी (म्हणजे पाइपच्या गॅसचे) जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारे बारीक भोकाचे भाग, मिळतात का, कारण सिलेंडरचे जेट त्याला चालत नाहीत, आणि कुणी घरी येऊन जुन्याच जेटचं भोक मोठं करून देतो म्हणाला तर अजिबात करू देऊ नका.