मोठे ग्राफिक्स कार्ड काढून लहान बसवावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा) : पुण्याला नोकरीस असलेल्या थोरल्या भावाने त्याचा संगणक मला दिला. त्यात आरटीएक्स ३०८० कार्ड आहे. मी रात्री तासभर व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ खेळतो. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्‌झचा आहे. खेळताना लाइन गेली की ६०० व्हीएचा यूपीएस क्षणभरही न टिकता बंद पडतो. कार्ड विकून लहान घ्यावे का?

उत्तर : यूपीएसमध्ये बिघाड असेलच असे नाही. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो आणि ३०८० हे एकटे कार्डच पूर्ण भाराला ३२० वॅट घेते. त्यात प्रोसेसर, मॉनिटर आणि पंखे मिळवले, शिवाय हे कार्ड काही मिलिसेकंदांपुरती त्याहूनही मोठी उसळी घेते हे लक्षात घेतले, तर यूपीएसने हात टेकणे साहजिक आहे.

तरीही विकण्याची घाई करू नका. तुमचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो, पण कार्डाला मोकळे सोडले तर ते दोनशे-तीनशे चित्रे तयार करत बसते आणि त्यातली बहुतेक वाया जातात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० वर ठेवा, आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर लिमिट’ ६० टक्क्यांवर आणा आणि आठवडाभर नेहमीसारखे खेळा. मग यूपीएसवर एकदा खरी परीक्षा घ्या : खेळ सुरू असताना भिंतीवरचे बटन बंद करा. संगणक नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला, तर तुमचे काम एक पैसाही न खर्चता झाले. माझ्या मते कार्ड लहान करण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी आधी चढावी, कारण आपल्याला खरोखर किती ताकद लागते हे त्याशिवाय कळत नाही.

एवढे करूनही भागले नाही, किंवा कार्डात अडकलेला पैसा मोकळा करायचा असेल, तर बदल अवश्य करा. एएमडीचे १३२ वॅटचे आरएक्स ६६०० हे कार्ड तुमच्या मॉनिटरला पुरून उरेल. याहून कमी विजेत भागवायचे असेल, तर ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० सुमारे ७० वॅटवर चालते. जीटीए ५ साठी तेही पुरेसे आहे. विकण्याआधी आपला प्रोसेसर तेवढा पाहून घ्या. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि नवे कार्ड हाती येईपर्यंत पडदा काळाच राहील.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ) : ऑफिसमधून निघालेला, चौथ्या पिढीच्या आय५ चा जुना संगणक घेतला आहे. दुकानदार आरएक्स ५८० स्वस्तात देतो आणि एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डाचा कनेक्टर नसला तरी जोड लावून चालेल असे म्हणतो. की आरएक्स ६५०० एक्सटी घ्यावे?

उत्तर : दोन्ही नकोत. ५८० ला १८५ वॅट लागतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; बाकीचे एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीतून यावे लागतात, आणि ऑफिसच्या संगणकांचे एसएमपीएस बहुधा तीनशे वॅटच्या आतले असतात. दुकानदार म्हणतो तो जोड बहुधा हार्ड डिस्कच्या साटा कनेक्टरला लावायचा असतो. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॅट, तर आठ पिनी कनेक्टरचे मानक १५० वॅट. हा फरक भरून काढताना प्लॅस्टिक वितळते, प्रसंगी पेटते. कोणी कितीही खात्री दिली तरी हा जोड लावू नका.

६५०० एक्सटीची अडचण निराळी आहे. ते पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्डच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते त्याच्या, चारच लेन (माहिती ये-जा करण्याचे मार्ग) वापरते. नव्या मदरबोर्डवर ते खपून जाते, पण तुमच्या जुन्या, पीसीआयई ३.० च्या स्लॉटवर त्याची ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. शिवाय त्यालाही वेगळी वायर लागतेच. तुमच्यासाठी जीटीएक्स १६५० योग्य, मात्र वेगळ्या कनेक्टरविना चालणारे. याच नावाच्या काही कार्डांना सहा पिनी वायर लागते, म्हणून विकत घेताना कार्डाची वरची कड डोळ्यांनी पाहा. कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचे मॉडेल मागा.

प्रश्न (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा) : घर जिनिंगजवळ आहे. उन्हाळ्यात संगणक तापतो म्हणून मोठे कार्ड देऊन एका पंख्याचे लहान कार्ड घेतले. तेही ८० अंशांवर जाते. मग फायदा काय झाला?

उत्तर : फायदा झाला आहे, पण तो कार्डाच्या आकड्यात दिसणार नाही. कमी वॅटचे कार्ड खोलीत कमी उष्णता सोडते. त्याचे स्वतःचे तापमान मात्र त्यावरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) आकारावर आणि पंख्यावर ठरते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत तो एक पंखा गरम हवाच फिरवतो, तेव्हा ८० अंश हे घाबरण्यासारखे नाही.

तुमच्याकडे खरा शत्रू कापसाची तूस आहे. ती साध्या धुळीसारखी भुरभुरीत राहत नाही. हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या तोंडाशी राखाडी नमद्यासारखी बसते आणि वरून फक्त पंखा दिसत असल्याने लक्षातही येत नाही. हंगामात महिन्यातून एकदा वीज काढून कार्ड बाहेर घ्या, पंखा बोटाने धरून ठेवा, कारण ब्लोअरच्या वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होते, आणि हवा आतून बाहेर मारा. कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट घेऊ नका. बोअरच्या पाण्याचे बारीक थेंब क्षार घेऊन आत जातात.

प्रश्न (मोर्शी, जि. अमरावती) : एनव्हिडियाचे कार्ड काढून एएमडीचे लावले तर विंडोज पुन्हा टाकावे लागेल का?

उत्तर : नाही. नव्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आधीच डाउनलोड करून ठेवा, संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर काढा, मग कार्ड बदला. डाउनलोड आधी करायचे ते गावातल्या नेटमुळे. ती मोठी फाइल ऐन वेळी अर्ध्यावर अडकली, तर विंडोज साध्या ड्रायव्हरवर चालेल, पण खेळ चालणार नाहीत.