मुंबई–लंडन : जाताना सव्वादहा तास, येताना नऊ

प्रश्न : जानेवारीत मुलाकडे लंडनला जायचे आहे. तिकिटावर मुंबईहून दुपारी 1.30 ला निघून संध्याकाळी 6.15 ला पोहोच आहे. परतीला रात्री 9.30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबई. अंतर भागिले वेग केले तर आठच तास येतात. मग खरा प्रवास किती? साताऱ्याहून कधी निघावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, म्हणून आधी सगळे भारतीय वेळेत आणा. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. तिथले 6.15 म्हणजे आपले रात्रीचे 11.45, म्हणजे जाताना सव्वादहा तास. येताना लंडनचे 9.30 म्हणजे आपले पहाटेचे 3. तिथून दुपारी 12 पर्यंत नऊ तास.

तुमचे आठ तास आले ते 7,200 किमीला 900 ने भागून. हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेले. तो दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे वळसा पडतो. 7,500 किमी धरा.

खरा फरक पाडतो तो वारा. ताशी 900 हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते सर्वांत तेज असतात. वाटेत सरासरी 60 किमीचा वारा धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग 840 उरतो आणि 8 तास 56 मिनिटे लागतात. येताना तो 960 होतो आणि 7 तास 49 मिनिटे पुरतात. यात सव्वा तास मिळवा : धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, लंडनवर उतरण्यासाठी घिरट्या. कंपनी वेळ मोजते ती गेटपासून गेटपर्यंत. बेरीज तुमच्या तिकिटाशी जुळते.

साताऱ्याहून विमानतळ साधारण 260 किमी, म्हणजे पाच-सहा तास. सकाळी 10.30 ला सहारच्या टर्मिनल 2 वर असायला हवे, तेव्हा पहाटे 4 ला गाडी सुटू द्या. सहाच्या सुमारास पुणे मागे पडते आणि नवले पूल ते चांदणी चौकाची गर्दी टळते. सहाला निघालात तर ती गर्दी आणि मुंबईत शिरतानाची कोंडी दोन्ही वाट्याला येतील. सामान घेणारा काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, नंतर विनवण्या चालत नाहीत.

प्रश्न : परतीचे तिकीट एप्रिलचे असेल तर? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे लंडनची घड्याळे एक तास पुढे जातात, 2026 मध्ये ही तारीख 29 मार्च. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा धरा. सुटण्याच्या वेळाही बदललेल्या असू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर वेळ पुन्हा पाहा.