कोड 'लिहिला', 'लिहवला' की 'लिहून घेतला'?

प्रश्न धुळ्याच्या एका पोराचा आहे. रोजच्या मीटिंगमधे तो बोलला, "पेमेंटचं मॉड्यूल मी लिहिलं", लगेच टीममधला जळगावचा भाऊ म्हणे, "का भो, लिहिलं कुठे, लिहवलं म्हण, लिहिलं तर एजंटने", एजंट म्हणजे सांगितलं की कोड लिहून देणारा एआय. तर यात बरोबर कोण? आणि जाता जाता हेही विचारलंय की कमिट (म्हणजे कोडमधला बदल नोंदवून टाकणं) मारला म्हणायचं की मारली.

व्याकरणाने जळगाववाला बरोबर. करणे-करवणे, बसणे-बसवणे तसं लिहिणे-लिहवणे, याला प्रयोजक क्रियापद म्हणतात, काम दुसरा करतो आणि करायला लावणारे आपण. पण गोची अशी की हाच 'व' शक्य क्रियापदातही येतो, "आता माझ्याच्याने लिहवत नाही" म्हणतो ना आपण, तो. त्यामुळे 'लिहवलं' ऐकलं की कान अडखळतो आणि रोजच्या बोलण्यात ते फारसं येतही नाही, आपण सरळ 'करून घेतलं' म्हणतो. आता 'लिहून घेतलं' म्हणावं तर तिथेही खोच आहेच, "पत्ता लिहून घे" यात लिहिणारा ऐकणाराच असतो! 'कडून' लावलं की भानगड मिटते: "एजंटकडून लिहून घेतलं". माझं मत याला.

पण म्हणून धुळेवाला चुकला असं नाही. रावेर-यावलकडचा शेतकरी "शेत नांगरलं" म्हणतो, ट्रॅक्टर भाड्याचा, चालवणारा तिसराच, तरी त्याला कोणी टोकत नाही, कारण कुठे नांगरायचं किती खोल हे त्याने ठरवलेलं असतं आणि काम बिघडलं तर भोगणार पण तोच. तसं पोराने काय हवं ते नीट सांगितलं असेल, आलेला कोड ओळीने वाचला असेल, टेस्ट चालवल्या असतील तर खुशाल 'लिहिलं' म्हणावं. न वाचता घेतला असेल तर मात्र नाही. व्हाइब कोडिंग हा शब्द एआय संशोधक आंद्रे कारपाथीने फेब्रुवारी २०२५ मधे काढला तो नेमका या दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे डिफ (कोडमधे काय बदललं ते) वाचायचाच नाही, सगळं ॲक्सेप्ट करत जायचं, कोड आहे हेच विसरायचं. आपल्याकडे याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. कॉलिन्स डिक्शनरीने २०२५ चा शब्द म्हणून तोच निवडला, आणि आता लोक एआयची जराशी मदत घेतली तरी व्हाइब कोडिंग म्हणतात, हे मला पटत नाही.

गंमत म्हणजे गिटमधे, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, लिहिणारा वेगळा आणि कमिट करणारा वेगळा अशा दोन जागा आहेत. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मधे गिट लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) बनवलं, तिथे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलने यायचे, लिहायचा एक आणि रेपोत (कोडच्या साठ्यात) टाकायचा दुसरा. आता क्लॉड कोडसारखी टूल्स कमिट मेसेजमधे स्वतःहून 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ जोडतात, म्हणजे सहलेखकच झाले की! कर्नलवाले जास्त कडक, त्यांच्याकडे एआयला 'असिस्टेड-बाय' एवढंच, 'साइन्ड-ऑफ-बाय', म्हणजे जबाबदारी घेणारी सही, माणसानेच करायचं. मला हे मराठीच्या जवळचं वाटतं, एजंट 'च्या मदतीने' मधे बसतो, कर्त्याच्या जागी नाही. आणि पोराने स्वतःच्या नावाने कमिट केलं असेल तर गिट ब्लेममधे (कुठली ओळ कोणाची ते दाखवणारी कमांड) नाव त्याचंच दिसणार, तेव्हा "मी नाही लिहिलं, लिहवलं" हे तिथे चालायचं नाही.

राहिला कमिट. खान्देशात फवारा मारला, रोटा मारला म्हणतात त्याच चालीवर 'कमिट मारला', मला पुल्लिंगीच बरा वाटतो. ब्रँच (कोडची वेगळी फांदी) मात्र ती, शाखेमुळे असावं, पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमधे घ्या अशी मागणी) पण ती, विनंतीवरून. 'कोड कमिट केला' म्हटलं तर लिंग कोडचं लागतं, कमिटचा प्रश्नच येत नाही, भांडण नको असेल तर तसं म्हणा.