आधी फाऊल, मग बाइट

अरे, बॉल-स्ट्राइक मोजून बॅटरची पाळी कधी संपते हे ठरवणारा कमीत कमी बाइटचा (बाइट म्हणजे प्रोग्रामची लांबी मोजायचं एकक) प्रोग्राम तुला लिहायचाय, पण बाइट वाचवायची घाई नंतर कर. आधी बेसबॉलचा नियम नीट बसव: चार बॉल (बॅटरने न खेळलेली चुकीची फेक) किंवा तीन स्ट्राइक (हुकलेला फटका किंवा सोडलेली योग्य फेक) झाले की बॅटरची पाळी संपते, पण दोन स्ट्राइकनंतरचा साधा फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका) स्ट्राइक म्हणून मोजत नाहीत. नवखे नेमके इथेच अडकतात.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्राइकची मोजणी 1 पासून सुरू कर. मग दोन्ही मर्यादा 4 होतात आणि पाळी चालू राहायची अट एवढीच उरते (ब म्हणजे बॉलची, स म्हणजे स्ट्राइकची मोजणी): ब<4>स. फाऊलला वेगळं 'इफ' (अट तपासणारी ओळ) कशाला? स+=स<3 पुरतं, कारण अट 'खरी' ठरली तर पायथन ती 1 धरतो आणि 'खोटी' ठरली तर 0.

चलांची नावं मात्र रोमनच ठेव. पायथनला देवनागरी चालते, पण यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) तिच्या एका अक्षराला 3 बाइट जातात!