माळकरी आई, नास्तिक मुलगा आणि दुकानदाराचे शंभर रुपये

सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी ३९ वर्षांचा, देव मानत नाही. आई ७१ वर्षांची, माळकरी. मुलगी ८ वर्षांची. मागच्या महिन्यात वाण्याने मुलीला शंभर रुपये जास्त परत दिले. आई म्हणाली, 'देऊन ये, देव बघतोय.' मी म्हणालो, 'कोणी बघत-बिघत नाही, पैसे त्याचे आहेत म्हणून दे.' त्यावर मुलगी म्हणाली, 'कोणी बघत नसेल तर ठेवले तर चालतील?' मग कडाक्याचं भांडण. आई म्हणाली, 'देवच नाही त्याला पाप-पुण्य कुठलं? मी गेल्यावर माझं काही करणारही नाहीस.' मी म्हणालो, 'तुझा चांगुलपणा भीतीपोटी आहे.' तेव्हापासून अबोला. देवाशिवायही माणूस नीतीने वागतो, हे तिला कसं पटवू?"

पटवणं तूर्त राहू द्या. पैसे परत करायचे, यावर तुमच्या घरात एकमत होतं. भांडण झालं ते कारणावरून, आणि तिथेही तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होता. चांगलं काय ते कळतं कसं, हा एक प्रश्न. ते चांगलं ठरतं कशामुळे, हा दुसरा. आणि कळतं पण वळत नाही, तेव्हा माणसाला धरून काय ठेवतं, हा तिसरा. तुम्ही पहिल्यावर बोलता, आई तिसरा विचारते.

पहिल्यावर तुमची बाजू भक्कम आहे. लॅरी नुची आणि एलियट ट्युरियल या मानसशास्त्रज्ञांचा १९९३चा अभ्यास आहे. कट्टर धार्मिक ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांना त्यांनी विचारलं: देवाने अमुक नियम केलाच नसता तर? उपासनेच्या दिवशी काम न करण्यासारख्या नियमांबद्दल बहुतेक मुलं म्हणाली, मग चालेल. चोरी किंवा मारहाण मात्र नियम नसला तरी वाईटच, कारण समोरच्याचं नुकसान होतं. तुमच्या मुलीला विचारून बघा: चतुर्थीचा उपवास मोडला तर काय, आणि मैत्रिणीची पेन्सिल ढापली तर काय? दोन्हींतला फरक ती सांगेल, आणि आजीच्या देखत सांगेल.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र जपून. देवाने सांगितलं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं, हा सॉक्रेटिसच्या तोंडी असलेला पेच तुम्ही आईवर टाकाल. तो टाकू नका. वारकऱ्याकडे त्याचं उत्तर आहे: विठ्ठल सर्वांभूती आहे, म्हणून दुसऱ्याला दुखावणं हेच त्याला दुखावणं, हुकमाचा संबंधच नाही. उलट तिने विचारलं, 'दुसऱ्याचं दुःख वाईट का मानायचं?' तर तुम्हालाही कुठेतरी थांबून 'ते मी मानतो' असंच म्हणावं लागेल. जैनांचा दाखलाही अर्धाच पुरतो. ते जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत आणि त्यांची अहिंसा तुमच्या-आमच्यापेक्षा कडक, हे खरं. पण ते कर्मफळ मानतात, आणि आई नेमकं तिथेच बोट ठेवेल.

तिसरा प्रश्न सगळ्यात जड, आणि तुमच्या पत्रात त्याला उत्तर नाही. आईकडे एकादशी आहे, हरिपाठ आहे, वर्षातून एकदा वारकऱ्यांना जेवू घालणं आहे. मन होवो न होवो, चांगलं वागायची वेळ ठरलेली आहे. तुमच्याकडे विचार आहे, पण त्याला दिवस-वार नाही. आणि एकटा विचार फसतो, कारण हुशार माणसाला स्वतःपुरती सबब चटकन सापडते. 'वाण्याने मागे मला महाग दिलंच होतं' ही त्यातलीच. तेव्हा तुमच्या नीतीला तारीख द्या. पगार झाला की ठरलेली रक्कम बाजूला. प्रकृती ठीक असेल तर दर तीन महिन्यांनी रक्तदान (पुरुषांना तेवढं अंतर लागतं). मुलीला बरोबर न्या.

यातलं आईला ऐकवायला जाऊ नका, ती बघेल. नास्तिकाबद्दलचा संशय फार खोल असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १३ देशांतल्या एका अभ्यासात लोकांनी अघोरी कृत्य करणारा माणूस नास्तिक असावा असा कल दाखवला, आणि खुद्द नास्तिकही त्याला अपवाद नव्हते. असा संशय युक्तिवादाने जात नाही. दाभोलकरांचं नाव घेऊन आईला गप्पही करू नका. देवा-धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, अशीच त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका राहिली आहे.

आता मुलगी. तिचा प्रश्न उद्धट नव्हता, अचूक होता. बघणाऱ्याच्या धाकावर शिकवलेलं मूल न सापडायला शिकतं, आणि पंधराव्या वर्षी श्रद्धा गेली तर तिच्याबरोबर नियमही जातो. पण तुम्हीही 'त्याचे पैसे आहेत' यापुढे गेला नाहीत. तिला वाण्याच्या गल्ल्यापाशी न्यायला हवं होतं: रात्री हिशेबात शंभर कमी आले की तो काय करेल? कामावरच्या पोऱ्यावर आळ आला तर? एवढं एक-दोन वाक्यांत, लांबण लावली की मूल ऐकायचं थांबतं. मग आजीने स्वतःचं कारण सांगावं, तुम्ही तुमचं, पण दोघांनीही 'मला वाटतं' म्हणून. 'देव शिक्षा करेल' हे आजीने सोडायचं, 'बघत-बिघत नाही' हे तुम्ही. एकमेकांची दुरुस्ती मुलगी झोपल्यावर. 'देव आहे का?' असं तिने विचारलंच, तर सांगा: आजी मानते, मी मानत नाही, पैसे दोघंही परत देतो.

अबोला तुम्हीच मोडा. दुपारी, आई एकटी असताना, हरिपाठाच्या वेळी नको. 'तू भीतीपोटी चांगली वागतेस असं म्हणालो, ते चुकलं.' पुढे 'पण' नको. पालख्या पुण्यात मुक्कामी येतील तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत ती शिधा घेऊन जात असेल तर पिशव्या तुम्ही उचला. दर्शनाला हात जोडायचे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन दिवस लाखो माणसांची सोय करणं ही मानवसेवाच आहे, आणि त्यासाठी तुम्हाला काहीच मानावं लागत नाही.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: 'मी गेल्यावर माझं काही करणारही नाहीस.' माझ्या मते सगळं भांडण तिथे आहे. एकाहत्तराव्या वर्षी तिला नीतिशास्त्राची काळजी नाही, ओंकारेश्वराच्या घाटावर आपलं दहावं कोण करणार याची आहे. तेव्हा सरळ विचारा, 'आई, तुझं काय काय व्हावं असं तुला वाटतं?' ती सांगेल ते तिच्यासमोर लिहून घ्या: वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी की लाकडं, दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, कुणाला जेवायला बोलवायचं. जे कराल त्याला तिथेच हो म्हणा. देव न मानणाऱ्याने आईला दिलेला शब्द पाळायला तत्त्व आड येत नाही. एखादा विधी स्वतः करणं जमणारच नसेल, तर तेही आत्ताच सांगा आणि तो भाऊ, बहीण की भाचा कोण करेल, ते तिच्याच तोंडून ठरवून घ्या.