इंग्रजी व्याकरणाचे इतके सिद्धांत, यातला बरोबर कोणता?

तुम्ही विचारलंय की बीएपर्यंत रेन अँड मार्टिनच्या शालेय व्याकरणावर भागलं, आता एमएला चार्ल्स फ्रीझ, नोम चॉम्स्की, मायकेल हॅलिडे हे भाषाशास्त्रज्ञ एकदम अंगावर आले, प्रत्येक जण आधीच्याला खोडून काढतो, मग खरं कोणाचं मानायचं? मी हाच पेपर शिकवतो. हा प्रश्न पडणं अगदी योग्य आहे, कारण बहुतेक गाइडांमध्ये या मंडळींची नुसती यादी असते आणि ती का भांडतात हे कुठेच नसतं.

दोन वाक्यं घ्या. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज इझी टू प्लीज’.

शाळेतल्या पद्धतीने वाक्यपृथक्करण केलं तर दोन्हींत काही फरक दिसत नाही. कर्ता, क्रियापद, विशेषण, इन्फिनिटिव्ह. ही पद्धत लॅटिन व्याकरणाच्या साच्यातून आली. रॉबर्ट लाउथ (पुढे ते लंडनचे बिशप झाले) यांचं १७६२ चं छोटं पुस्तक आणि लिंडली मरे यांचं १७९५ चं, या दोघांनी ती घरोघरी नेली. शुद्ध काय, अशुद्ध काय हा तिचा मुख्य प्रश्न. लाउथना उगाच बदनाम केलं जातं, असं मला वाटतं. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवणं बोलण्यात चालतं, गंभीर लिखाणात ते आधी आणलेलं बरं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याचा कडक नियम नंतरच्यांनी केला.

फ्रीझना या पारंपरिक व्याकरणातल्या व्याख्याच मान्य नव्हत्या, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाम म्हणजे ‘नाव’, तर ‘रेड’ हेही एका रंगाचं नावच की! मग ‘अ रेड टाय’मध्ये ते विशेषण कसं? एक व्याख्या अर्थावर, दुसरी कामावर, असा घोळ. म्हणून अमेरिकेत त्यांनी टेलिफोनवरची खरीखुरी संभाषणं रेकॉर्ड केली, सुमारे अडीच लाख शब्दांची, आणि १९५२ साली त्यांवरून व्याकरण लिहिलं. ‘द कॉन्सर्ट वॉज गुड’ या चौकटीत ‘कॉन्सर्ट’च्या जागी जो शब्द बसेल तो ‘क्लास वन’चा, म्हणजे साधारणपणे आपण ज्याला नाम म्हणतो तो. अर्थाची व्याख्या नाही, फक्त जागा. पण आपली दोन वाक्यं या चौकटीतही जुळी भावंडंच राहतात.

इथे चॉम्स्की येतात, आणि इथे जरा थांबा, कारण पेपरचा गाभा हाच आहे. पहिल्या वाक्यात खूश करणारा जॉन आहे. दुसऱ्यात जॉनला दुसरं कोणीतरी खूश करतंय. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला मोठं होता होता हे कोणी न शिकवताच कळू लागतं. हा नुसता अर्थाचा खेळ नाही, रचनेतच त्याचा पुरावा आहे. ‘इट इज इझी टू प्लीज जॉन’ म्हणता येतं, पण त्याच धर्तीवर ‘इट इज ईगर टू प्लीज जॉन’ होत नाही. उलट ‘जॉन्स ईगरनेस टू प्लीज’ चालतं, ‘जॉन्स इझीनेस टू प्लीज’ नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या वाक्यांखाली वेगळी रचना आहे आणि ती बोलणाऱ्याच्या डोक्यात आहे, हा त्यांचा दावा. १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’नंतर त्यांनी स्वतःच सिद्धांताची मांडणी अनेकदा बदलली, डीप स्ट्रक्चर (वाक्याखालच्या या रचनेला त्यांनी दिलेलं नाव) हेही पुढे सोडून दिलं. प्रश्न मात्र तोच राहिला: हे ज्ञान माणसाला येतं कुठून?

हॅलिडेंना डोक्यात काय आहे यात फारसा रस नाही. बोलणाऱ्यापुढे कोणते पर्याय होते आणि त्याने कोणता निवडला, हे ते पाहतात. ‘द पोलिस शॉट द डेमॉन्स्ट्रेटर्स’ आणि ‘द डेमॉन्स्ट्रेटर्स वेअर शॉट’, दोन्ही व्याकरणशुद्ध. पण दुसऱ्यात गोळी झाडणारा गायब झाला. वर्तमानपत्राची भाषा तपासायची असेल तर हॅलिडेंइतकं उपयोगी मला दुसरं कोणी वाटत नाही.

गाइडांत कॉर्पसवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या मोठ्या संग्रहावर, जेमतेम दोन ओळी असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. रँडॉल्फ क्वर्क यांनी इंग्लंडमध्ये १९५९ साली ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश यूसेज’ सुरू केला. अमेरिकेत दहा लाख शब्दांचा ब्राउन कॉर्पस झाला. आणि त्याच आराखड्यावर आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कोल्हापूर कॉर्पस उभा केला, १९७८ सालच्या छापील मजकुरांमधून. भारतीय इंग्रजीवरच्या अभ्यासात जगभर त्याचा उल्लेख होतो. आपल्या मुलांना त्याचं नावही माहीत नसतं.

तेव्हा शिकवायला, दुरुस्त करायला पारंपरिक. मनाचा अभ्यास करायला चॉम्स्की. मजकूर वाचायला हॅलिडे. आणि प्रत्यक्ष वापर काय हे ठरवायला कॉर्पस. परीक्षेत कोणाचं म्हणणं लिहिताय ते स्पष्ट लिहा आणि एकाच्या संज्ञा दुसऱ्याच्या उत्तरात घुसवू नका. मार्क तिथेच जातात.

सराव म्हणून ‘द चिकन इज रेडी टू ईट’ हे वाक्य घ्या. त्याचे दोन अर्थ होतात. ते का होतात हे आधी फ्रीझच्या चौकटीत आणि मग चॉम्स्कीच्या पद्धतीने लिहून पाहा. अडलं तर खाली लिहा, मी बघेन.