बूट त्याचे त्याला घालू दे

अगं,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. शाळेच्या गेटबाहेर उभी राहून तू रडत होतीस, लेक आत गेला तोही रडत, एक मोजा त्याच्या पायात आणि दुसरा तुझ्या पर्समध्ये. आणि मला विचारतेस काय, तर गजर कितीचा लावू. मला त्या मोज्याबद्दल बोलायचंय. तो कोण घालत होतं? तूच ना. एका हाताने मोजा, दुसऱ्या हाताने त्याचे केस, मध्येच घड्याळ, आणि तो पाय पुढे करून नुसता बसलेला. न बघता मला हे दिसतं, कारण मी हेच केलंय, वर्षानुवर्षं.

माझी पहिलीत होती तेव्हा तिच्या बाईंनी बोलावून सांगितलं की खेळाच्या तासाला सगळी मुलं पळतात आणि ही बूट हातात धरून दारात उभी राहते, कोणी घालून देईल म्हणून. मला नोकरी होती, सातची बस होती, घरात मदतीला कोणी नव्हतं, दोन मिनिटांत मी तिला तयार करायचे आणि त्याचा मला अभिमान होता. आजही वाटतं की तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण खरं सांगू का, होता. मी अर्धा तास आधी उठवलं असतं तर होता. तिचं ते दारातलं उभं राहणं माझ्यामुळे होतं.

म्हणून सांगते, बूट त्याचे त्याला घालू दे. वेळ लागेल. लागू दे!

पण एकदम सगळं त्याच्यावर टाकू नकोस, शेवटून सुरू कर. मोजा टाचेपर्यंत तू चढव, वर त्याने ओढायचा. ते जमलं की पुढच्या आठवड्यात तू बोटांपर्यंतच घाल, टाच त्याची. असं केलं की रोज काम त्याच्या हातून संपतं, आणि "मी घातला" हे त्याला खरोखर म्हणता येतं. लेसचे बूट आत्ता नकोत, वेल्क्रोचे घे. एक स्टिकर मधोमध काप, डावा अर्धा डाव्या बुटात, उजवा अर्धा उजव्यात चिकटव, बूट शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं, मग डावा उजवा विचारायला तो तुझ्याकडे येणार नाही. शर्टाची बटणं खालून लावायला शिकव, खालचं त्याला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही. आणि हा सगळा सराव रविवारी दुपारी कर, सकाळी नाही. सकाळी कोणी काही शिकत नाही गं.

आता वेळेचं. बूट-मोज्यांनाच दहा-बारा मिनिटं धर. जागं झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं लहान मूल पुरतं शुद्धीवर नसतं, तेव्हा हुकूम सोडू नकोस, मांडीवर घेऊन बस. म्हणजे साडेसहाला उठायला हवं, आणि तो झोपतो दहाला! तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास लागतात, तुझा चार वर्षांचा आहे, हिशोब तूच कर. आठ-साडेआठला झोपायला हवा. एका रात्रीत होणार नाही, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आण, झोपायच्या तासभर आधी टीव्ही-मोबाईल बंद, सुट्टीच्या दिवशीही फार ढील नको. तीनेक आठवडे जातील.

"पाच मिनिटं राहिली" असं ओरडू नकोस, त्याला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळतच नाही. क्रम कळतो. आधी तोंड, मग कपडे, मग खाणं, मग बूट, रोज तसंच. चार चित्रं काढून भिंतीवर लाव, त्याच्या उंचीवर, तुझ्या नाही.

तू म्हणशील, उशीर होईल. होईल, दोन-तीनदा होईल, बाईंना आधीच सांगून ठेव. पण तो दाराशी बसून जीभ बाहेर काढून वेल्क्रो चिकटवत असेल, एकदा, वाकडा, परत काढून परत, तेव्हा तुझे हात आपोआप पुढे जातील, ते मागे बांधून उभी राहा. मला माहितीये किती कठीण आहे, माझे हात अजून शिवशिवतात. तरीही बूट त्याचे त्याला घालू दे. आणि नवऱ्यालाही सांग, तुझ्यामागून जाऊन गुपचूप घालून देतो तो, तेही बंद.

सोमवारी सकाळी मला फोन करू नकोस, तेव्हा तू त्याच्यासमोर बसलेली असायला हवीस. रात्री कर, तो झोपल्यावर.

तुझी,
मावशी